रंग न धरणारे दार

दामोदरपंत सरवटे मेळघाटातल्या सागवानाचे ठेकेदार होते, आणि उभ्या झाडाकडे नुसते पाहून त्यातून किती फळ्या निघतील ते सांगत. त्यांचे चिरंजीव वामनराव यांनी परतवाड्याला उभे राहून घर बांधून घेतले, आणि त्या घरातले एकही दार कधी पावसाळ्यात फुगले नाही. त्यांचे चिरंजीव मनोहरराव, म्हणजे माझे यजमान, वकील झाले. सागवानाशी त्यांचा संबंध खुर्चीपुरता उरला, तरी खिळा कोणत्या टोकाने ठोकतात हे त्यांना निदान ठाऊक होते. अशा तीन पिढ्यांच्या पुण्याईवर आमचे श्रीरंग जन्माला आले. ते इतिहासाचे प्राध्यापक. त्या सकाळी ते आतल्या खोलीच्या दारासमोर दोन्ही हात पाठीमागे बांधून उभे होते, आणि दाराला लावलेला मोतिया रंग केळीच्या सोपटासारखा लांबच लांब पट्ट्यांनी खाली लोंबत होता.

"आई, अजिंठ्याचे रंग दीड हजार वर्षं टिकलेत," ते म्हणाले.

"मग त्या रंगाऱ्याचा पत्ता काढ. आपला बाबाराव आठवडाभरही टिकला नाही."

बाबाराव पेंटर आमच्या गावातले मोठे प्रस्थ. दुकानांच्या पाट्या, सिनेमाचे फलक आणि निवडणुकीच्या दिवसांत भिंती, असा त्याचा व्याप होता, आणि प्रत्येक कामाच्या खालच्या कोपऱ्यात तो आपली झोकदार सही करी. त्याला घरातले एक दार रंगवायला सांगितले, तेव्हा त्याने ते उपकाराच्या भावनेने स्वीकारले होते. आता तो खाली पडलेली एक पट्टी उचलून उजेडात धरत होता.

"बाईसाहेब, रंगात काही खोट नाही. लाकूडच आडमुठं हाय," त्याने निकाल दिला. "आणखी एक हात मारून देतो, मंग पाहा."

त्याने आणखी एक हात मारला. तो हातही चार दिवसांत सुटला, आणि एकट्याने पडायचा संकोच वाटल्याप्रमाणे खाली शिल्लक राहिलेल्या पहिल्या हाताला बरोबर घेऊन पडला. मग बाबारावाने दृष्ट लागल्याचा संशय घेतला, रंगाच्या कंपनीला नावे ठेवली, आणि शेवटी प्लास्टिक रंग सोडून ऑइलपेंट काढला. ऑइलपेंट पडला नाही. तो वाळलाच नाही. आठवडा उलटला तरी दार ओलेच. त्यावर माश्या चिकटल्या, मांजराचे केस चिकटले, आणि प्रा. श्रीरंग सरवटे यांच्या नव्या सदऱ्याची बाही चिकटली. ती सोडवताना बाहीबरोबर रंगही आला. एवढ्या खटाटोपात त्या दाराचा रंग घट्ट बसला तो एकट्या आमच्या चिरंजिवांच्या अंगावर.

घरात सगळ्यांना प्रश्न पडला होता तो वेगळाच. हे दार रंगवायचे कशासाठी? माजघरामागची ती खोली. तिथे गोधड्या, पितळेची मोठी पातेली आणि मोडका पाळणा ठेवलेला असे. पाहुणा तिकडे फिरकत नसे. घर बांधल्यापासून इतर दारांना तीनतीनदा रंग झाला, या दाराला कोणी कुंचला लावला नव्हता. आणि मी तर हुकूम सोडला होता की वसंतपंचमीच्या आत हे दार नव्यासारखे दिसले पाहिजे. कारण सांगितले नव्हते. कारणे सांगत बसले असते तर माझ्या हातून या घरात एकही काम झाले नसते.

वसंतपंचमीला आमच्या सूनबाईंचे डोहाळजेवण होते.

कुंदा नागपूरची. तिने आणि श्रीरंगाने नोंदणी पद्धतीने लग्न केले होते. आमच्याकडे मी दोन दिवस जेवले नाही आणि तिसऱ्या दिवशी जेवले, कारण स्वयंपाक कुंदाने केला होता आणि तो चांगला झाला होता. तिच्या वडिलांना मात्र असला सोयीस्कर तिसरा दिवस उगवला नाही. पुरुषोत्तम सोनकुसरे यांनी लेकीचे नाव टाकले. पत्र नाही, निरोप नाही, दिवाळीला बोलावणे नाही. आता तिला सातवा लागला होता. पहिले बाळंतपण माहेरी, ही रीत. सातव्यात ओटी भरली की माहेरचा मुराळी येतो, बाप किंवा भाऊ, आणि लेकीला घेऊन जातो. तो आला नाही, तर बायका दुसऱ्या दिवसापासून काय बोलतील हे मला कोणी शिकवायला नको होते. पोरीने तोंडातून चकार शब्द काढला नव्हता. पण फाटकाशी सायकलरिक्षाची घंटा वाजली की ती काहीतरी वाळत घालायला म्हणून ओसरीवर येई, आणि एकदा तर वाळलेलाच टॉवेल पुन्हा वाळत घालून आत गेली.

घरातले चौथे माणूस म्हणजे माझ्या थोरल्या नणंदबाई. वेणूवन्सं. तरुणपणीच विधवा होऊन भावाच्या घरी आल्या आणि आल्या दिवसापासून घर त्यांचेच झाले. तेव्हा त्यांनी पंच्याहत्तरी ओलांडली होती. डोळ्यांत मोतीबिंदू उतरला होता, पण जिभेत काही उतरले नव्हते. माजघरात बाजेवर बसून त्या सकाळ-संध्याकाळ गुडघ्यांना तेल चोळत आणि साऱ्या घराचा कारभार कानांनी पाहत. वन्संचे माझ्यावर एक ऋण होते. ते त्यांनी कधी, एकदाही, बोलून दाखवले नव्हते. आणि माझ्यासारख्या बाईवर याहून मोठा अत्याचार दुसरा कोणता करता येईल ते मला आजही सुचत नाही.

"उमे, त्या दाराला रंग कशाला फासतेस?" त्यांनी विचारले. "गोधड्या काय पाहुण्यांना दाखवायच्यात?"

"रंगवायचं आहे."

"कोणी सांगितलं?"

"मी."

"मग झालं. या घरात कारणं माझ्या भावाबरोबरच गेली म्हणायची."

पण बोलताना त्यांचे तोंड दाराकडे वळलेले होते, आणि तेल चोळणारा हात थांबला होता. एवढे मी पाहून ठेवले.

ऑइलपेंटचा तमाशा झाल्यानंतर एका दुपारी कुंदा त्या दारापाशी गेली. रंगाचा एक पापुद्रा तिने नखाने सोडवला, खालच्या लाकडावर बोट घासले आणि ते नाकाशी नेले.

"आई, दोष रंगाचा नाही," ती म्हणाली. "खाली काहीतरी मुरलंय. बाबा असते तर त्यांनी एका..."

आणि ती थांबली. या घरात पाऊल टाकल्यापासून तो शब्द तिने पहिल्यांदा उच्चारला होता. श्रीरंगाने वर्तमानपत्र खाली घेतले आणि पुन्हा वर धरले, कारण इतिहासात अशा प्रसंगी काय करतात याची त्याच्याकडे नोंद नसावी.

"काय केलं असतं बाबांनी?" मी विचारले.

"काही नाही. वास घेऊन सांगितलं असतं." आणि ती घड्या घालायला निघून गेली. सोनकुसऱ्यांचे नागपूरच्या इतवारी बाजारात रंगाचे दुकान होते, हे मला तोपर्यंत ठाऊक असून सुचले नव्हते.

दुसऱ्या दिवशी मी अमरावतीला खणांची खरेदी करायला जाते असे जाहीर केले. श्रीरंगाने बरोबर यायची तयारी दाखवली. मी म्हटले, तू घरी थांबून दाराचा इतिहास लिही. अमरावतीला उतरले, तिथूनच नागपूरची गाडी धरली.

दुकान मोठे होते. डब्यांच्या उतरंडी माळ्यापर्यंत गेलेल्या. गल्ल्यापाशी कानावर पेन्सिल खोचलेला, पोट सुटलेला, करड्या मिशांचा माणूस एकाच वेळी तीन गिऱ्हाइकांशी बोलत होता आणि तिघांवरही सारखाच वैतागत होता. कुंदाचे नाक त्याच्यावरून घेतलेले होते. इतर काही घेतलेले दिसले नाही, याबद्दल मी देवाचे आभार मानले.

"बोला काकू."

मी सांगितले की घरातल्या एका दाराला रंग धरत नाही.

"बाहेरचं की आतलं?"

"आतलं."

"पहिले काय मारलं होतं?"

मी सारी कथा सांगितली. बाबारावाचे नाव ऐकून नव्हे, पण बाबारावाने केलेले ऐकून त्याने डोळे मिटून घेतले, जसे एखाद्या वैद्याने दुसऱ्या वैद्याचे औषध ऐकून मिटावेत.

"काकू, रंग सुटते कुठून पहिले? वरून, खालून?"

मी हवेत तळहात उभा धरला, छातीच्या उंचीवर. "इथून. दरवेळी."

"मंग तिथं कोणाचा तरी हात लागत होता. तेलाचा हात." त्याने क्षणभर माझ्याकडे पाहिले. "बाळंतिणीची खोली आहे का ती?"

"होती."

"तर विचारूच नका. अंगाला लावायचं तेल, वरून शेगडीचा धूर, धुरी. सागवान आधीच तेलकट, त्यात हे. त्याच्यावर रंग बसन कुठं? बसायला जागा तर द्या त्याला."

आणि मग त्या माणसाने, मी रंग घेईन की नाही याची चौकशीसुद्धा न करता, सगळे समजावून सांगितले. उकळत्या पाण्यात धुण्याचा सोडा. काथ्याने खसाखसा घासायचे, पाणी पिवळे यायचे थांबेपर्यंत. मग स्वच्छ पाणी. मग दार बिजागरीवरून काढून उन्हात ठेवायचे, घाई करायची नाही. पॉलिशपेपर, लाकडाच्या रेषेनेच, आडवा नाही. टर्पेंटाईनच्या फडक्याने पुसून घ्यायचे. मग अस्तर, म्हणजे लाकडाचा प्रायमर, ते पुरते वाळू द्यायचे. चिरा असतील तिथे लांबी, म्हणजे भरायची पुट्टी. आणि त्यानंतर ऑइलपेंट, पण पातळ, दोन हातांत. बोलताना त्याचा वैताग गेला होता. एका न पाहिलेल्या दाराबद्दल तो माणूस इतक्या मायेने बोलत होता की मला आश्चर्य वाटले नाही, राग आला.

सामान बांधून झाले. त्याने कानावरची पेन्सिल काढली. "बिलावर नाव काय लिहू?"

"सरवटे," मी म्हटले. "परतवाडा."

पेन्सिल कागदावर टेकली आणि तशीच राहिली. बाजूच्या गिऱ्हाइकाने काहीतरी विचारले, ते त्याला ऐकू गेले नाही.

"तुमच्या मुलीला सातवा आहे," मी म्हटले. "वसंतपंचमीला ओटी आहे. मुराळी येणार की नाही, एवढं सांगा. मी पुन्हा विचारायला येणाऱ्यांतली नाही."

"इथं रंग विकतात, बाई." काकूची आता बाई झाली होती.

"तोच घ्यायला आले होते. हे जाता जाता विचारलं."

"ती घरातून गेली त्या दिवशी विषय संपला."

यावर बोलण्यासारखे माझ्याकडे पुष्कळ होते. पण मी सरवट्यांची सून. दुसऱ्याच्या दुकानात उभी राहून मी तोंड उघडत नाही. मी पिशवीला हात घातला, तेवढ्यात त्याने ती पिशवी आपल्याकडे ओढली, आतून टर्पेंटाईनची बाटली काढली आणि गल्ल्याखाली ठेवून दिली.

"हे राहू द्या. सोड्यानंच दोनदा जास्त धुवा, म्हणजे लागणार नाही. आणि रंग मारला की त्या खोलीची खिडकी उघडी ठेवा बरेच दिवस. त्या वासानं उलट्या होतात. लहानपणापासून."

"कोणाला?" मी विचारले.

"ज्याला होतात त्याला," तो म्हणाला, आणि पुढच्या गिऱ्हाइकावर ओरडायला वळला.

परतीच्या गाडीत मी खिडकीशी बसले होते आणि मांडीवर प्रायमरचा डबा होता. रंगाच्या दुकानात वाढलेल्या मुलीला कोणता वास सोसत नाही, हे त्या माणसाच्या नेमके लक्षात होते. विषय मात्र संपला होता. असे संपलेले विषय बायकांना परवडत नाहीत.

घरी येऊन मी दार काढवले आणि अंगणात दोन तिवयांवर आडवे घातले. सोड्याचे पाणी पाहून बाबारावाने हात वर केले. हे धोब्याचे काम आहे, असे त्याने मला कलावंताच्या स्वाभिमानाने सांगितले. मी त्याला म्हटले, तू बस, पाहा, आणि शेवटी सही कर. आणि पदर खोचून काथ्या हातात घेतला. या घरात येऊन इतकी वर्षे झाली, पण अंगणात बसून मी काही घासते आहे हे दृश्य श्रीरंगाने कधी पाहिले नव्हते. तो घाईघाईने दुसरा काथ्या शोधायला गेला आणि, त्याच्या रीतीप्रमाणे, तो सापडेपर्यंत काम संपले.

दार घासताना पाणी चहासारखे उतरू लागले. आणि वास आला. जुन्या तिळाच्या तेलाचा, ओव्याचा, शेपांचा, शेगडीतल्या गोवऱ्यांचा. छातीच्या उंचीला, कडीच्या वरच्या बाजूला, तळहाताएवढा एक काळसर डाग होता. बाकीचे लाकूड उजळले तरी तो हटेना. मी त्यावर जोर लावला. तेव्हा माजघरातून वन्संचा आवाज आला.

"उमे, किती घासशील? तुझंच तेल आहे ते."

माझा हात थांबला. बाबाराव, श्रीरंग, कुंदा, तिघेही माझ्याकडे पाहू लागले. गरम पाण्याचा तांब्या ओतला आणि पुन्हा घासायला लागले.

कुंदा ओसरीच्या कठड्याशी उभी होती. दुसऱ्यांदा सोडा, तिसऱ्यांदा सोडा, हे ती बघत राहिली. मग हळूच म्हणाली, "आई, अस्तराच्या आधी टर्पेंटाईननं पुसतात. तुम्ही आणलं नाहीत?"

"दुकानदारानं दिलं नाही."

"का?"

"म्हणाला, वासानं उलट्या होतात."

कोणता दुकानदार, हे तिने विचारले नाही. डोळे मात्र भरले, आणि मग त्यांत जे उतरले ते मला आवडले नाही. "म्हणजे त्यांना माहीत आहे," ती म्हणाली. "माहीत असून येणार नाहीत."

"मी दाराबद्दल बोलते आहे," मी म्हटले. "आत जा, उन्हात उभी राहू नकोस."

दार वाळले, घासले, अस्तर बसले, लांबी भरली. रंगाचे दोन पातळ हात बाबारावाने दिले, आणि या खेपेस रंग असा बसला की नखाने ओरखडला तरी नखच झिजावे. खोलीची खिडकी रात्रंदिवस उघडी ठेवली. आत भिंतींना चुना दिला, गोधड्या माळ्यावर गेल्या, पाळणा सुताराकडून नीट झाला, नवी बाज विणून आली. बाबारावाने दाराच्या खालच्या कोपऱ्यात खरोखरच सही केली. ती पुसायला मी त्याला लावले; त्याने घासून घासून पाहिले, ती निघेना. ती अजून आहे.

वसंतपंचमीला माजघरात बायका मावेनात. कुंदा हिरव्या साडीत, फुलांच्या वाडीत, पाटावर बसली होती आणि हसू येईल तेवढे आणत होती. फराळाची ताटे फिरली, गाणी झाली, आणि मग शेवडेबाईंनी घसा साफ केला. या बाईंना दुसऱ्याच्या घरातले दुखणे दोन आळ्या पलीकडून वासाने कळे, आणि विचारपूस करताना त्यांचा आवाज नेहमी सगळ्यांना ऐकू जाईल इतका काळजीचा होई.

"काय हो उमाताई, सगळं यथासांग झालं. मुराळी कधी यायचा? वडील येतात की भाऊ?"

बांगड्यांचा आवाज बंद पडला. कुंदाने मान खाली घातली. दाराआड उभा असलेला श्रीरंग पुढे होऊन म्हणाला, "त्याचं असं आहे काकू, की मुराळी ही प्रथा मुळात..." मी त्याच्याकडे पाहिले, आणि ती प्रथा तिथेच राहिली.

"मुराळी येऊन गेला," मी म्हटले.

"येऊन गेला?"

"तिचे वडील स्वतः आले होते, संत्र्यांची करंडी घेऊन. मी परत पाठवलं."

"परत?"

"सरवट्यांचं पहिलं मूल या घरातच जन्मतं. रीत आहे आमची. श्रीरंग कुठं जन्मला? विचारा वन्संना. मी दार महिन्याभरापूर्वीच रंगवायला काढलं होतं, ते काय हौस म्हणून?"

सगळ्यांची डोकी दाराकडे वळली. दार मोतिया रंगात लखलखत होते, आणि उघड्या फटीतून नवी बाज आणि पाळणा दिसत होता. खोटे बोलायचे तर ते ताजे दिसता कामा नये. बायका उठून खोली पाहून आल्या, दारावरून हात फिरवून आल्या. पण शेवडेबाईंचे समाधान सहजासहजी होत नसे.

"आम्हांला कोणाला दिसले नाहीत ते," त्या म्हणाल्या. "करंडी घेऊन आलेला माणूस दिसल्याशिवाय राहतो का?"

"आले तसे गेले," मी म्हटले. "जाताना एवढंच सांगून गेले, की पोरीला लहानपणापासून टर्पेंटाईनचा वास सोसत नाही. उलट्या होतात. रंग दिलाय तर खोलीची खिडकी बरेच दिवस उघडी ठेवा."

कुंदाने मान वर केली. तिने माझ्याकडे पाहिले, आणि मग इतक्या महिन्यांत न रडलेली ती पोर भरल्या माजघरात ओंजळीत तोंड घालून रडली. बायका हळहळल्या. माहेरच्या आठवणीने रडणारी गर्भारशी सगळ्यांना कळते. कोणी तिच्या पाठीवरून हात फिरवला, कोणी आपल्या बापाची आठवण सांगायला लागले. असले बारीकसे काही कोणी रचून सांगत नाही, हे शेवडेबाईंनाही पटलेले दिसले. तरी सवयीने त्यांनी वन्संकडे वळून विचारले, "खरं का हो वेणूताई?"

वन्सं बाजेवर बसल्या होत्या. न दिसणारे डोळे त्यांनी माझ्या दिशेला लावले.

"खरं म्हणजे काय," त्या म्हणाल्या. "मीच तर खाल्ली संत्री. आंबट होती."

आता माझे सांगते, कारण ज्यांच्यापासून ते झाकायचे होते त्यांपैकी कोणी उरलेले नाही.

माझे माहेर कारंज्याचे. आई मी लहान असतानाच गेली, वडिलांनी दुसरे लग्न केले, आणि त्या घरात माझ्या बाळंतपणाला जागा नव्हती. श्रीरंगाच्या वेळी याच माजघरात माझी ओटी भरली. माझा मुराळी येणार नाही हे मला ठाऊक होते, आणि थोड्याच वेळात साऱ्या गावाला ठाऊक होणार होते. सासूबाईंच्या एका मैत्रिणीने विचारलेच. मी जमिनीकडे बघत होते. तेव्हा जिच्याशी माझे एकही वाक्य सरळ होत नसे, त्या माझ्या नणंदेने सुपारी कातरता कातरता सांगितले की मुराळी आला होता, केळ्यांचा घड घेऊन, आणि आपण त्याला परत पाठवला. सरवट्यांचे पहिले मूल या घरातच जन्मते. अशी रीत मुळीच नव्हती. माझ्या दोन्ही जावा माहेरी बाळंत झालेल्या होत्या. ती रीत वन्संनी त्या क्षणी जन्माला घातली आणि कोणाची टाप नव्हती विचारायची.

आणि मग त्यांनी मला त्या खोलीत नेले. तेल लावायला बाई ठेवली नाही, कारण बाई बाहेर बोलते. सव्वा महिना त्यांनी स्वतः मला तेल लावले, शेक दिला, धुरी दिली; आणि कोणी चौकशीला आले की तेलाच्याच तळहाताने ते दार आतून लोटून घेतले. त्यानंतर त्या विषयावर त्यांनी ब्र काढला नाही. माझ्याशी पूर्वीइतक्याच तिरकस बोलत राहिल्या, आणि मीही त्यांना तितकीच तिरकस उत्तरे देत राहिले. आम्हां दोघींना दुसरे काही बोलता येत नसे.

डोहाळजेवणाच्या बायका गेल्यावर मी माजघरात आले. कुंदा आतल्या खोलीत नव्या बाजेवर झोपली होती, खिडकी उघडी होती. वन्सं गुडघ्यांवर हात ठेवून बसल्या होत्या.

"संत्री कशाला सांगितलीस?" त्या म्हणाल्या. "केळी पाठ होती की तुला."

"नागपूरचा माणूस केळी का आणील, वन्सं?"

"हं. मला तुझ्या वेळी इतका विचार करायला वेळ नव्हता."

मी तेलाची वाटी घेतली आणि बाजेखाली बसले. त्यांचा पाय मांडीवर घेतला तेव्हा त्यांनी तो एकदा ओढून पाहिला, मग सोडला. मी गुडघ्यापासून खाली घोट्यापर्यंत तेल जिरवले, पोटऱ्या रगडल्या, टाचा रगडल्या. दुसरा पाय घेतला, तोही तसाच. ऊन अंगणातून सरकत ओसरीवर आले.

"फिटलं," बऱ्याच वेळाने वन्सं म्हणाल्या. "केळ्यांचंही आणि तेलाचंही. काही बाकी नाही. आता ऊठ, आणि हात धुतल्याशिवाय त्या दाराला हात लावू नकोस."